पट्ट्याखाली सापडलेले ठोके

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या एका नर्सिंग होमने मला फसवलं. माझेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले आणि ‘नॉर्मल’ सांगून घरी पाठवलं. निदान म्हणून माझ्या वाट्याला एकच शब्द आला: ओबेसिटी, म्हणजे लठ्ठपणा.

मी सोलापूरची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे जयपूरला आले आणि चादरींच्या एका गाठोड्यापासून स्वतःचं दुकान उभं केलं. समोरचा माप कसं घेतो, यावर माझी नजर असतेच.

सदतिसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल मंदावली. एनएसटी केली, म्हणजे पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके कागदावर उमटवतात. पट्टा सारखा सरकत होता. आकडा आला ११२.

“नॉर्मल है, घर जाइए.”

दुसऱ्या दिवशी हालचाल आणखी कमी. पुन्हा तोच पट्टा. या वेळी बोटाला ऑक्सिमीटर होतं, म्हणजे माझी नाडी दाखवणारा चिमटा.

“इतनी चरबी में मशीन भी क्या करे, मॅडमजी,” सिस्टर म्हणाली.

“मशीन को छोडो, पट्टा ठीक से लगाओ.”

मी तिच्याशी भांडत होते आणि पडद्यावर बाळाचे ठोके चढत १२६ झाले. चिमट्यावरही १२६. मी गप्प बसले, तसे दोन्ही आकडे बरोबरच उतरले.

“हे बाळाचे नाहीत, माझे आहेत,” मी नवऱ्याला म्हणाले.

“अगं, त्यांना कळत असेल ना.”

“कळत असतं तर बघितलं असतं. गाडी काढ.”

दुर्गापुऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला कुशीवर वळवलं, पोट हाताने उचललं, सोनोग्राफीने आधी बाळाचं हृदय शोधलं आणि पट्टा तिथेच धरून ठेवला. बाळाचे ठोके एकशेदहाच्या खाली जायला नकोत; खरे ठोके मध्येच नव्वदपर्यंत घसरत होते.

“आप टाइम पर आ गईं. अब रुकना नहीं है.”

लगेच सिझेरियन झालं. मुलगी आता आठ महिन्यांची आहे, आवाज माझ्यासारखा खणखणीत.

बायांनो, वजन जास्त असेल तर बाळाचे ठोके शोधायला वेळ लागतो, पण शोधणाऱ्याला ते सापडतात. तपासणीच्या वेळी स्वतःची नाडीही मोजायला लावा. हालचाल कमी वाटली तर कागदावर काहीही असो, परत जा. वजनाची लाज धरून गप्प बसू नका.

नर्सिंग होमला मी पत्र दिलं. उत्तर आलं, ‘रुग्णाच्या लठ्ठपणामुळे अडचण.’ अडचण होती, तर ‘नॉर्मल’ का लिहिलं? ज्या डॉक्टरांनी मला पाहिलंही नाही, त्यांची सही त्या ‘नॉर्मल’च्या कागदावर आहे. त्यांनी माझ्यासमोर बसून उत्तर द्यावं.