डाव्या बाजूचे पिवळे ठिपके

रामटेके गाडी बघत नसत, ऐकत. विश्रांतवाडीतल्या आमच्या कॉलनीच्या फाटकाशी खुर्ची टाकून, डोळे मिटून बसायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचं दुखणं सांगायचे. "ब्रेक घासून राहिले." "ह्याची चेन सुकली." मी एकदा विचारलं, "आणि माझ्या गुडघ्यांचं काय?" डोळे न उघडता म्हणाले, "तिथं ग्रीस नाही जात, बाई."

मी शाळेतून निवृत्त, म्हणून सगळ्या कॉलनीची बाई. ते एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण जिभेनं काही गाव सोडलं नाही. आमची घरं समोरासमोर. त्यांच्या दारात एक जुनी पिकअप उभी असे. विहारातल्या जेवणाची पातेली, कुणाचं घरसामान, जयंतीच्या मिरवणुकीचे स्पीकर, सगळं तिच्यातून जायचं. आणि कॉलनीत कुणी गेलं की येरवड्याच्या स्मशानापर्यंत तीच. त्या फेरीचे ते डिझेलचेही पैसे घेत नसत.

त्यांच्या पत्नी प्रमिलाताई गेल्या, तेव्हाही तीच गाडी. रामटेके स्वतः चालवत होते. गाडी मागून सारखी करकरत होती. खड्डा आला की करकर, वळण आलं की करकर. पंधरवड्यानं मला म्हणाले, "माणूस शेवटचा चालला, अन् गाडी कुरकुर करून राहिली. मले रडणं ऐकू नाही आलं बाई, तेवढंच ऐकू आलं. आता कोणालाच असं नाही नेणार."

त्यांनी बुश बदलायचे ठरवले. गाडीचं ओझं मागच्या चाकांवर पेलायला लोखंडी पाटे असतात. पाट्यांच्या टोकांत बोल्ट जातो तिथे रबराची जाड बांगडी बसवलेली असते, तो बुश. तो झिजला की लोखंडावर लोखंड घासतं. हे सगळं मला त्यांनी दारातच, गाडीखाली निजून शिकवलं. डॉक्टरांनी त्यांना जड काम बंद सांगितलं होतं, मुलगी सुजाता दिवसभर नोकरीला, म्हणून मदतनीस मी. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. त्या वयात आपल्याला सगळं येतं असं वाटतं. मैत्रिणींना फोन करून मी सांगितलंसुद्धा, की सध्या मी गाड्या दुरुस्त करते.

उजवी बाजू त्यांनी केली. जुने तिन्ही बुश तुकडे तुकडे होऊन निघाले. नवे साबणाचं पाणी लावून बसवले, नट नुसते हातानं फिरवले, जॅक सोडून गाडी जमिनीवर उतरवली आणि मग खाली सरपटत जाऊन पान्यानं आवळले.

"वर असतानाच आवळले असते की! जागा तरी होती," मी म्हटलं.

"हवेत आवळलं का रबर तसंच अडकून बसते. मंग वजन आलं का पिळते, अन् फाटते. आधी वजन येऊ द्या, मंग आवळा. घाई नका करत जाऊ."

मग तिन्ही नटांवर पिवळ्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका लावला. "ज्यानं आवळलं त्यानंच ठिपका लावावा. सही आहे ती."

डाव्या बाजूचे बुश बसवेपर्यंत त्यांचा श्वास फुलला. "नट तुम्ही आवळा, बाई. पण उतरवून," असं सांगून गोळी घ्यायला आत गेले. गाडी उतरवली की खाली सरपटायचं, साडी मळणार, गुडघे बोंबलणार! विदुषी बाईंनी विचार केला, रबराला काय कळतंय? तिन्ही नट हवेतच करकचून आवळले आणि मग जॅक सोडला.

"उतरवून आवळलं न?"

"हो तर."

"मंग लावा ठिपके."

"उद्या लावते," मी म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळली, सही करायला हात वळेना. ब्रश डबीतच राहिला.

दोनेक महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या; त्यांना येरवड्याला नेताना मी रामटेकेंच्या शेजारी बसले होते. डावीकडून आवाज आला. करकर. मी बाहेर बघत म्हटलं, "स्पीडब्रेकर फार झालेत हो." त्यांनी आरशात मागे पाहिलं, आजींकडे. "हो न, बाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी गॅलरीतून पाहिलं, तर गाडीखालून त्यांचे पाय बाहेर. मी ओरडले, "काय रामटेके, बिछाना तिथेच हलवला वाटतं?"

"थंड वाटते इथं, बाई."

मी हसून आत गेले. माझा चहा गार होत होता.

महिनाभरात ते गेले. झोपेतच. गाडी सुजातानं चालवली. मी मागे त्यांच्यापाशी बसले, डाव्या बाजूला, आणि येरवड्यापर्यंत कान देऊन ऐकत राहिले. खड्डे आले, वळणं आली, गाडीनं हूं की चूं केलं नाही. लिहायलाही लाज वाटते, पण समोर ते निजलेले असताना माझ्या मनात आलं: बघा, माझी बाजू! म्हणजे रबराला काही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सुजाता गाडी आवरत होती. सीटखालच्या डब्यातून तिनं रबराचे तीन बुश काढले. नवेच होते, पण पिळून फाटलेले. "हे कसले हो, बाई?"

मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. डावीकडच्या तिन्ही नटांवर पिवळे ठिपके होते. मी एकही लावला नव्हता.

"बाई, काय झालं? तुमचंच काम ना ते?" सुजाता वाकून विचारत होती. "बाबा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, डावी बाजू बाईनं केली."

"खोटं सांगायचे," मी म्हटलं. त्या बाजूबद्दल मी बोललेलं पहिलं खरं वाक्य ते. ऐकायला रामटेके नव्हते.