खैरासाठी कुऱ्हाड

बाबा गेले त्या महिन्यात आई आणि मी लालबागच्या एका हार्डवेअरच्या दुकानात कुऱ्हाड घ्यायला गेलो. त्यांची राख कोकणातल्या आमच्या आंब्याच्या कलमांखाली टाकायची होती, पण तिथे जायच्या वाटेवर खैर माजले होते. गावच्या चुलतभावाने फोनवर सांगितलं होतं, "कोयत्याने तुटत नाहीत रे. येताना कुऱ्हाड आण."

दुकानदाराने विचारलं, "झाडं केवढी आहेत?"

"मनगटाएवढी," मी म्हणालो.

त्याने दोन कुऱ्हाडी समोर ठेवल्या. मी मोठी उचलली.

आई म्हणाली, "ती लाकडं फोडायला. उभं झाड तोडताना हात भरून येतील तुझे."

तिने हलकी घेतली, दांडा हाताला लावून लांबी पाहिली, धारेवर नख फिरवलं आणि मान हलवली. बाबा गेल्यापासून तिने स्वतःहून केलेली ती पहिलीच गोष्ट होती.

गावी मी खैर तोडले. लाकूड आतून लालभडक निघालं. आई काटेरी फांद्या ओढून बाजूला टाकत राहिली. वाट मोकळी झाली, राख टाकून झाली. आम्ही दोघंही रडलो नाही.

"हात धू," आई म्हणाली. "जेवायला बसू."