पिण्यास योग्य

ती घटना आठवली की आजही मला आधी टेबलावरची पाण्याची बाटली दिसते.

दोन हजार सालानंतरची, भारनियमनाची वर्षं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. हद्दीत कारखान्याला लागून एक वस्ती होती. तिथली मजुरी करणारी एक बाई कुणाकडून तरी लिहून घेतलेला तक्रार अर्ज आणि विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आली.

"साहेब, ह्या पाण्यानं थोरली पोरगी आठ दिवस दवाखान्यात हुती. कारखान्याच्या संडासाचं पाणी विहिरीत मुरतंय. मी आता लांबच्या बोअरचं आणतोय, पर डोकीवर किती आणू? काय तरी करा की."

वस्तीची कुरकुर होती म्हणून कारखान्याने विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आधीच ठाण्यात दिला होता. शहरातली खासगी प्रयोगशाळा, पण राज्य सरकारची मान्यता असलेली, आणि खाली गोल शिक्का. बाईला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं, "पिण्यास योग्य."

"म्हंजे प्यायचं म्हणतासा?"

"पी की. सरकारमान्य आहे ते."

तिने अर्ज मागे घेतला. हवालदाराने विचारलं, "साहेब, बाटलीचं काय करू?" मी म्हणालो, "ओत तिकडं झाडाला." पंधरा दिवसांत तिची धाकटी मुलगी जुलाबाने गेली. सहा वर्षांची होती. सरकारी दवाखान्यातून अकस्मात मृत्यूची खबर आली, ती माझ्याच सहीने नोंदली गेली.

मग ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "त्या विहिरीचा नमुना तपासलाच न्हाय, साहेब. रजिस्टर बगा." आणि फोन ठेवला.

पंच घेऊन आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मालक शिकलेला, बोलायला गोड. भिंतीवरच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "तपासणी पथक सगळं बघून गेलंय, साहेब. तुम्हाला यातलं काय कळणार?" मला भयंकर राग आला. कारण खरंच काही कळत नव्हतं.

रजिस्टर जप्त करून ठाण्यात आणलं. पाण्यातले जंतू बघायला नमुना एका गरम कपाटात दोन दिवस ठेवावा लागतो आणि कपाटाचं तापमान दर चार तासांनी लिहावं लागतं, एवढं मी विचारून घेतलं. रजिस्टरमध्ये महिनाभर दर चार तासांनी सदतीस अंश. एकाच पेनाने, कुठे खाडाखोड नाही. खऱ्या नोंदवहीत चहाचे डाग असतात, पेन बदलतं, एखादी नोंद राहून जाते.

आमच्या ठाण्यात वायरलेसची बॅटरी कधी चार्ज करायची ते कळावं म्हणून भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असे. ते समोरच होतं. वीज उपकेंद्रातून प्रयोगशाळेच्या भागातल्या नोंदी मागवल्या. रोज सहा-सहा तास वीज नव्हती, आणि प्रयोगशाळेत जनरेटर नव्हता.

तंत्रज्ञाला समोर बसवलं. पन्नाशीचा, घाबरट माणूस. दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "वीज नसताना कपाट गरम कशानं व्हायचं?"

त्याने रजिस्टर मिटून बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "पथक यायच्या आदल्या दिवशी मालक महिन्याचं रजिस्टर एका बैठकीत लिवून घेत्यात, साहेब. कपाट तर वरीसभर बंदच हाय."

त्याला दमात घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी माझे हवालदार रात्रगस्तीची वही अशीच पुरी करत. मला ते माहीत होतं.

भादंवि ३०४-अ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, शिवाय फसवणूक, बनावट दस्त. मालक आणि तंत्रज्ञ अटकेत गेले, मान्यता रद्द झाली. बाईला ते सांगायला मी स्वतः वस्तीवर गेलो. वाटलं होतं, रडेल, नाहीतर हात जोडेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाटली तुमच्या म्होरंच हुती की, साहेब," ती म्हणाली. "बूच काढून वास तरी घ्यायचा हुता."

पुढे नवीन फौजदारांना मी एकच गोष्ट शिकवत राहिलो. शिक्का नंतर बघा, आधी वस्तू उघडून बघा. त्या प्रकरणात दोघांविरुद्ध आरोपपत्र गेलं. तपास अधिकारी म्हणून खाली सही माझी होती.