विमानाभोवतीची दुसरी फेरी

मी शाळेत गणित शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. रत्नागिरीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, रिक्षावाल्याचं नाही की मासळीवालीचं नाही. घरात हे म्हणतात, तुझ्या तोंडाला लागण्यापेक्षा समुद्राला ओरडलेलं बरं.

त्या दिवशी सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली आणि कपाळ घामाने थबथबलं. आमच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं, की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटायला लागली आहे. आजच्या आज मुंबईत ऑपरेशन झालं तर वाचतील, रस्त्याने नेलं तर वाटेतच जातील. दिरांनी कुठून कुठून फोन फिरवून रुग्ण नेणारं एक छोटं विमान मिळवलं. ते दुपारी मिरजोळ्याला धावपट्टीवर उतरलं. सूर्य मावळायच्या आत निघायचं होतं, परवानगी तेवढीच होती.

घरातून निघताना सासूबाईंनी माझ्या मुठीत गणपतीपुळ्याची दुर्वा दिली. आमच्या घरची रीतच आहे, गाडी लांबच्या वाटेला निघाली की देवाची दुर्वा तिला लावायची. मुलाच्या स्कूटरला लावली, आंबे घेऊन जाणाऱ्या टेम्पोला लावली, तशी विमानाला लाव म्हणाल्या. रडत नव्हत्या, फक्त माझी मूठ सोडत नव्हत्या.

ॲम्ब्युलन्स थेट विमानापाशी नेली. पायलट तिशीतला, बोलण्यावरून घाटावरचा. तो विमानाभोवती फिरून चाकं बघत होता, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवत होता, टाकीतलं थोडं इंधन बाटलीत काढून उजेडात धरत होता. नळ्यांवरच्या लाल टोप्या त्याने काढल्या. मग कागद पुरे करायला आणि मुंबईचं हवामान विचारायला तो ऑफिसकडे गेला. बरोबरची डॉक्टर आणि नर्स ह्यांना आत चढवू लागल्या, दुसरा पायलट आतून स्ट्रेचर ओढत होता. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी दुर्वा लावायला जागा शोधू लागले. विमानाला ना हँडल ना आरसा. नाकाखाली बोटाएवढी एक नळी पुढे आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी बारीक भोक, अगदी उदबत्तीच्या घरासारखं. काड्या त्यात बरोबर बसल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून नखाने आत दाबल्या, हात जोडले आणि आत जाऊन ह्यांच्या पायाशी बसले. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं.

पायलट परत आला तो आत न येता पुन्हा चाकापाशी वाकला. पुन्हा पात्यांवरून हात, पुन्हा पंखाच्या कडा. मशीनवरचे ह्यांचे आकडे खाली चालले होते आणि हा प्रदक्षिणा घालत होता. माझं डोकं सणकलं. मी दारात उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले. माझा नवरा मरायला टेकलाय आणि तुम्हाला कसले चोचले सुचतात, मघाशी डोळे मिटून बघत होतात का, तुमच्या घरचं माणूस असतं तर असे रमतगमत फिरला असतात का. शाळेच्या मैदानात ऐकू जाईल असा आवाज होता माझा. त्याने एकदा वर बघितलं आणि फेरी चालूच ठेवली.

नाकापाशी तो थांबला.

त्याने दोन बोटांनी हिरवी काडी ओढली, ती अर्धीच तुटून आली. दाराशी येऊन त्याने ती सगळ्यांना दाखवली आणि कुणी घातली म्हणून विचारलं. तो म्हणाला, ही नळी समोरचा वारा घेते, त्यावरून आम्हाला वेग कळतो. ती बुजली तर काटा खोटं सांगतो, आणि वेग कमी पडला तर विमान खाली येतं. मग तो माझ्याकडेच बघत म्हणाला,

"किती काड्या होत्या, ताई? एवढंच सांगा. एक तुकडा जरी आत राहिला तरी मी उडणार नाही."

"तीन," मी म्हणाले. "मीच घातल्या."

त्याने नर्सचा बारीक चिमटा मागून घेतला. दुसरा पायलट टॉर्च धरून उभा राहिला. निघालेला प्रत्येक तुकडा पहिला पायलट पांढऱ्या कागदावर दुसऱ्याला जोडून लावत होता. दोन काड्या पुऱ्या झाल्या, तिसरीचं टोक मिळेना. ऊन आंब्याच्या शेंड्यांवर गेलं होतं. डॉक्टरने ह्यांना आणखी एक इंजेक्शन दिलं. मी देवाला काहीच म्हटलं नाही, तोंडच नव्हतं. वीसेक मिनिटांनी ते टोक निघालं. त्याने फोनवर त्यांच्या इंजिनिअरला सगळं सांगितलं, दुसरी नळी बघितली, आणि आत आला. आपल्या जागेकडे जाता जाता मला हळू आवाजात म्हणाला, "मी पाठ फिरवली की इथे काय झालं ते मला माहीत नसतं. म्हणून परत बघतो."

विमान उडालं. थोड्या वेळाने ह्यांनी मास्कमधून विचारलं, उशीर का झाला? पायलट माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. तरी मी म्हणाले, "ह्या लोकांनी घोळ घातला." त्याने मान वळवली नाही.

हे वाचले. तेव्हापासून घरी कुणीही आलं की हे रंगवून सांगतात, एका मूर्ख पायलटने फेऱ्या मारत अर्धा तास घालवला आणि मला जवळजवळ वरच पाठवलं होतं. लोक हळहळतात. मी सरबत पुढे करते. दोन वर्षं हे चाललं.

गेल्या रविवारी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पाहुणे गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. त्या माणसाचे आभार मानलेस का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

मग ते म्हणाले, "मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांना आता तू सांगायचंस."

तितक्या दारांत जाऊन उभं राहायचं धैर्य मला नाही, म्हणून हे लिहिलं.