प्रदूषणमुक्त दिवाळीचा फोटो

सायवनहून डहाणूला जाणारी एसटी सुटली, तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. मी डी.एड.ला निघाले होते. "शिक, आन् मग येऊन आपल्या पोरांना चार गोष्टी सांग," एवढंच म्हणाले. आता मी ठाण्यात शिक्षिका आहे, स्वतःचा फ्लॅट आहे आणि चार गोष्टी सांगायची खोड काही जात नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाला, अथर्वला, शाळेतून 'इको-फ्रेंडली दिवाळी'चा प्रोजेक्ट मिळाला. गावातल्या मुलांसोबत केला तर जास्त मार्क. लगेच सायवन गाठलं. पाड्यावरची पोरं अंगणात बसवून मी त्यांना मातीच्या पणत्या करायला शिकवल्या. ज्यांच्या आया दर सणाला घर सारवतात, त्यांना मी माती कशी मळायची ते सांगत होते! लहानपणी आम्ही पोखरलेल्या काकडीत वात लावायचो, रानातले करांदे, म्हणजे कंद, उकडून खायचो, झाली दिवाळी. फटाके फक्त डहाणूच्या बाजारात टांगलेले बघायचे. अथर्वने मात्र आदल्या वर्षापर्यंत गॅलरी काळी होईस्तोवर वाजवले होते. ते मी पोरांना सांगितलं नाही.

"कोणाकडे फटाके आहेत?" मी विचारलं. एकच हात वर आला. माझ्या भावाची जानकी, सात वर्षांची. भाऊ अच्छाडला ढाब्यावर कामाला आहे. त्याने तिच्यासाठी पहिल्यांदाच फुलबाज्यांचा पुडा आणला होता, अजून न फोडलेला. मला प्रात्यक्षिक हवंच होतं.

"शहाणी ना तू? मग बुडव बादलीत."

तिने बापाकडे पाहिलं. शिकलेल्या बहिणीपुढे तो काय बोलणार? तिने पुडा बुडवला, मी टाळ्या वाजवायला लावल्या, अथर्वने फोटो काढला. फोटोत तिचे डोळे भरलेत. शाळेत सगळ्यांना वाटलं, निसर्गाच्या प्रेमाने. पहिला नंबर आला.

त्या दिवशी सायवनहून निघताना भाऊ म्हणाला होता, "ताय, सकालपासून इचारत होती, अंधार कवा पडंल."

मी नीच वागले, एवढं लिहायला मला वर्ष लागलं.

माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांनो, घर म्हटलं की आपण मातीचा वास, आईच्या हातची भाकर असलं काहीबाही बोलतो. परवा मी घरी गेले. जानकी ओट्यावर बाहुलीशी खेळत होती. मला पाहताच तिने बाहुली झटकन फ्रॉकमध्ये लपवली आणि दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"आत्या, माझ्याजवळ काय नाय."