गंगाफळाचं सूप आणि अकरा दिवस

वडिलांचे सगळे दात एकदम काढायला लावले ते मीच. वर्ष एक्क्याण्णव की ब्याण्णव असेल. त्यांचं म्हणणं होतं, दुखतो तेवढा काढू, बाकीचे राहू द्या. मी रोजच्या कण्हण्याला कंटाळलो होतो. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, कवळी बसवली की सुटलात, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पितृपक्ष संपायच्या आत तीन-चार खेपांत त्यांचं तोंड रिकामं झालं. हिरड्या भरून येईपर्यंत कवळीचं माप घेता येणार नव्हतं. तोवर सूप द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्या घरात सार होतं, कढण होतं, सूप कधीच नव्हतं. शिवाय घरात बाई नव्हती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बायको पहिल्या बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी गेली होती. जळगावच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघेच. केळी देऊन बघितली. एक खाऊन ते म्हणाले, आता केळीचं नाव काढशील तर धरणगावला बहिणीकडे निघून जाईन.

मग मी शिकलो. बाजारात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, भरपूर येऊ लागला होता. त्याची फोड, दोन टमाटे, दुधीचा तुकडा असं कुकरमध्ये शिजवायचं आणि आईच्या पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडानं घासायचं. एक पिकलेला पेरूही त्यात घालत असे. बिया चाळणीत राहत आणि वास सुपात उतरे. वरून जिरं, मीठ, चमचाभर तूप. हे सगळं ऑफिसला जायच्या आधी.

वडील ते प्यायचे, पण अर्धी वाटी. मिरची चालत नव्हती, हिरड्यांना झोंबायची. कांदा-लसूण त्यांना चातुर्मासात वर्ज्य. आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण, वांगं ते तोंडात घालत नसत. हा नेम मूळचा आईचा. ती गेली भाद्रपदात, म्हणजे तिचा त्या वर्षीचा चातुर्मास अर्धाच राहिला. तेराव्यानंतर वडिलांनी तो पुढे चालवला आणि मग दरवर्षी धरला. यावर ते कधी बोलले नाहीत. मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून नकळत झालं असं मला म्हणता येत नाही.

दोन आठवड्यांत त्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढिली झाली. दारात बसलेले दिसले की मला माझंच बोलणं आठवे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. कोजागरीच्या दोन दिवस आधी मी एक कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या तुपात परतल्या आणि भोपळ्याबरोबर शिजवल्या. चाळणीतून गेल्यावर कांदा डोळ्यांना दिसत नाही. घरात वास राहू नये म्हणून उदबत्ती लावली.

"आज बेस लागनं रे," वडील म्हणाले आणि वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, तिसऱ्या दिवशीही. रविवारी मी एसटीनं धुळ्याला जायचो, ते दिवस सोडले तर सव्वीस दिवस मी त्यांना कांद्याचं सूप पाजलं. ते रोज दोन वाट्या पीत. त्यांच्या गालांवर थोडं मांस आलं, आणि मला वाटू लागलं की मी चांगलंच काम करतो आहे.

कार्तिकी पौर्णिमेच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी डबा पुढे केला. शेजारी जैन दुकानदाराचं घर होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही दात नव्हते आणि त्यांचाही चातुर्मास चालू होता. वडील कौतुकानं म्हणाले, की तिला सूप नेऊन दे, यात काही कंदमूळ नाही, कांदा-लसूण नाही, तिला चालेल. मी डबा घेतला, स्वयंपाकघरात गेलो आणि कुकरमधलं सगळं सूप मोरीत ओतलं. बाहेर येऊन सांगितलं, की खाली लागलं, करपलं. त्या दिवशी वडील दूध पिऊन राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी कांदा बंद केला. त्यांनी एकदाच म्हटलं, की पहिल्यासारखी गोडी राहिली नाही, भोपळा बदलला असेल.

कवळी आली ती चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी. चंपाषष्ठीला ते स्वतः बाजारात गेले आणि भरताची मोठी, फिकट हिरवी वांगी निवडून घेऊन आले. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ती भाजायला ठेवली. धुरात बसून उलटीपालटी करताना ते खुशीत होते. म्हणाले, नैवेद्य दाखवला की सुटलो, याही वर्षी निभावलं.

मला ते ऐकवलं नाही. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं.

"आबा, सुपात कांदा होता. मी घातला होता."

ते काड्या सारत होते. हात थांबले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एका वांग्याची साल फुटली, ते त्यांनी काडीनं उलटं केलं.

"कितला दिन?" त्यांनी विचारलं. बस किती वाजता आहे असं विचारावं, तसं.

सव्वीस हा आकडा माझ्या जिभेवर होता. समोर वांगी भाजून मऊ पडली होती, नवी कवळी घालून ते बसले होते.

"अकरा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग अकरा दिन अजून थांबसू."

एवढंच. रागावले असते तर कदाचित मी खरा आकडा सांगितला असता. भाजलेली वांगी त्यांनी मला समोरच्या घरी पोचवायला लावली. आमच्या घरात देवापुढे दूध-साखर ठेवली गेली. पुढचे अकरा दिवस आम्ही दोघेही वरण-भात आणि माझं बिनकांद्याचं सूप घेत राहिलो आणि रोज सकाळी ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत राहिले. मी ती रेघ बघून ऑफिसला जायचो. दररोज ठरवायचो की आज सांगू, अजून पंधरा धरा. मग वाटायचं, आधीच मी माझं ओझं त्यांच्या डोक्यावर दिलं, आता आणखी कशाला. ही दया होती की भित्रेपणा, मला तेव्हा कळलं नाही आणि आता वेगळं करून सांगता येत नाही.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. प्रत्येक चातुर्मासात माझ्या हातचं जेवले आणि यात काय घातलं आहेस, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

त्या वर्षी अकरा रेघा पुऱ्या झाल्यावर, बाराव्या दिवशी त्यांनी पुन्हा वांगी आणली. या वेळी भाजली मी. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून भरीत केलं, वर शेंगदाणे टाकले. नैवेद्य झाला. त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर भरीत घेतलं, कवळीनं सावकाश चावलं, डोळे मिटले. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"तू बी बस. तुना बी नेम फिटना."

मी बसलो. भरीत चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं, कारण ते माझ्याकडे पाहत होते.