हिरव्या चटईखालची माती

तर कालचं पुढे सांगतो. लुवामनं ती हिरवी चटई गुंडाळून कडेला ठेवली, आणि गुनवोरचा चेहरा असा झाला, की कुणी तिच्या घरातली सतरंजीच न विचारता उचलून नेलीय.

तुम्ही काल नव्हतात, म्हणून थोडं मागून सांगतो. गुनवोर म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत सव्वीस वर्षं खड्डे खणणारी बाई. डिसेंबरात जमीन दगड होते, तेव्हा ती आदल्या दिवशी शेगडी लावून जमीन तापवते, मग खणते. आमच्यात पेटी खाली गेली, पाद्र्यानं तीनदा माती टाकली, की माणसं कॉफीला निघतात. मागे गुनवोर यंत्रानं खड्डा बुजवते. मातीचा ढीग घरच्यांच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून त्यावर ही चटई. ही तिची माया, कुणी शिकवलेली नव्हे.

लुवाम मूळची इरिट्रियाची, वाढली ओस्लोत. नगरपालिकेनं फेलोशिप काढली होती. निरनिराळ्या समाजांतल्या तरुणांनी वर्षभर सरकारी खात्यात राबायचं, लोकांच्या रीतीभाती जाणून घ्यायच्या आणि कामात काय बदलावं ते सांगायचं. वर्षाअखेर खात्याचं मत चांगलं पडलं तर नोकरी कायम. आता दफनभूमीचं खातं म्हणजे एकटी गुनवोर. म्हणजे मत तिचंच.

आणि तिच्या तर पहिल्या दिवसापासून पोटात दुखत होतं.

"सगळे समाज मी पुरलेत," ती मला म्हणाली. "ही मला काय शिकवणार?"

"अगं, ती शिकवत कुठे, विचारत हिंडते."

"तेच ते. भोचक."

लुवाम हिंडायची हे खरं. सुरुवातीला ती विचारायची, "तुमच्यात कसं करतात?" लोक पाठ केल्यासारखं काहीबाही सांगायचे. मग शहाणी झाली. विचारू लागली, "तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?" आणि गप्प बसायची. गप्प बसणं ती इथंच शिकली.

सेनाद आमचा बसवाला. बोस्नियाचा, पण बोलतो आमच्याहून गावरान. त्याचे वडील गेले. तो लुवामला म्हणाला, "खड्डा आम्ही पुरुषमाणसंच भरतो. फावड्यानं, आळीपाळीनं, पार वरपर्यंत."

"मग आधी तुमच्या आई गेल्या, त्या वेळी?"

"त्या वेळी गुनवोरनं चटई इतकी नीट अंथरली होती, आणि आम्हाला इतक्या मायेनं कॉफीकडे वळवलं, की बोलवेना. दुसऱ्या दिवशी येऊन वरून मूठ मूठ टाकून गेलो."

म्हणून ती चटई गेली, आणि ढिगात सहा फावडी रोवलेली. वीस मिनिटांत पोरांनी खड्डा भरला. गुनवोर यंत्रात बसून होती, यंत्र बंद. उतरली तेव्हा एवढंच म्हणाली, "कोपरे दाबले नाहीत."

आठवड्यानं सेनाद पालक भरलेल्या पिठाच्या गरम गुंडाळ्या घेऊन दफनभूमीच्या कचेरीच्या दारात.

"लुवाम आहे का?"

"मी आहे," गुनवोर म्हणाली.

"ते दिसतंय की. लुवाम कुठंय?"

गुनवोरनं तीन गुंडाळ्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मी चार खाल्ल्या, मीठ बेताचंच होतं.

पण खरा चटका बसला तो बोर्गहिल्डमुळे. बोर्गहिल्ड आमच्याच गावची, गुनवोरच्या शाळेतल्या बाकावरची. तिचा नवरा वारला आणि तिनं लुवामला सांगितलं, "त्याच्यावर माती मला माझ्या हातानं टाकायचीय. पाद्र्याची पुरे नाही."

गुनवोर तडक तिच्या स्वयंपाकघरात. मी तिथंच वॅफल खात होतो.

"चाळीस वर्षं आपण बरोबर कॉफी पितोय. मला नाही सांगितलंस ते?"

"तू विचारलंस कुठे?" बोर्गहिल्ड म्हणाली. "तू तर आधीच म्हणालीस, पेटी खाली गेली की तू जा, थंडी आहे, मी बघते."

गुनवोर आठ दिवस बोर्गहिल्डकडे कॉफीला फिरकली नाही. लुवाम म्हणायची, "तुमचं काही चुकलं नाही हो," तर ती आणखी फुगायची.

जूनमध्ये लुवामचं वर्ष भरत आलं, तसा नगरपालिकेतून स्टाइनार आला, हातात मत लिहायचा छापील कागद. लुवाम बाहेर रोपांना पाणी घालत होती. गुनवोर नको म्हणाली असती, तर पोरगी त्याच आठवड्यात ओस्लोला परत गेली असती. हे तिघांनाही ठाऊक होतं, मला धरून. गुनवोरनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"बोल गुनवोर," स्टाइनार म्हणाला. "ठेवायची का हिला? तू सांगशील ते जसंच्या तसं लिहितो."

ती म्हणाली, "लिही. ही आल्यापासून जो तो हिलाच विचारत येतो, आणि मला त्याचा राग येतो. बोर्गहिल्डचा तर फारच येतो. ही गेली तर लोक पुन्हा माझ्याकडे येतील, पण मनातलं घेऊन तसेच परत जातील, आणि ते आता मला कळायला लागलंय, ती सगळ्यात मोठी कटकट. तेव्हा ठेवा. आणि हा कागद तिला दाखवायचा नाही."